प्रश्नचिन्हाआधीची जागा

३ जून

वहिनी,

नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही. तुमच्या लेकीला विचारलं तर म्हणाली, "काका, आई म्हणते काय असेल ते लिहून कळवा." तर हे घ्या लिहून.

यंदा मला साठ पूर्ण होतात. मी नको नको म्हणत होतो, पण गिऱ्हाइकांनी आणि इथल्या चार मोठ्या माणसांनी समिती केली आणि माझा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. छापखाना आपला, तेव्हा छापायचाही आपल्याकडेच. हसू नका. ऑगस्टात सत्कार आहे. पाहुणे म्हणून आपले म्हातारे नाटककार येतायत. त्यांची अट एकच, ग्रंथ आपल्या जुन्या पुस्तकांसारखा दिसायला हवा. म्हणाले, "तुमच्या छापखान्याच्या पुस्तकात वाक्य श्वास घेतं हो."

प्रश्नचिन्हाच्या आणि उद्गारचिन्हाच्या आधी दादा बारीकशी जागा सोडायचा, तिच्याबद्दल बोलत होते. आमची कॉम्प्युटरवरची मुलगी हुशार आहे, पण तिला सांगायचं काय हेच कुणाला ठाऊक नाही. कुठल्या चिन्हाआधी सोडायची, किती सोडायची. खरं सांगतो, मला ती जागा उभ्या जन्मात दिसली नाही. दादा बोट ठेवून दाखवायचा आणि मी मान डोलवायचो. ते कळणारं माणूस आता तुम्हीच उरलात. प्रुफं पाठवू का?

तुमचा धाकटा दीर


११ जून

भाऊजी,

पत्र पोचलं. फोनवर तुम्ही गोड बोलता आणि मी हं हं करते. मग मी कशाकशाला हं म्हटलं ते तुम्हीच मला नंतर सांगता. त्यापेक्षा कागद बरा.

साठी झाली, चांगलं झालं. ह्यांची साठी आठवते का ? त्या दिवशी हे कुणाच्या तरी लग्नपत्रिकांसाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होते. घरी आले तेव्हा बोटं काळी होती. मी म्हटलं, आज तरी लवकर यायचं. तर म्हणाले, नवरीच्या नावात चूक होती, ती तशीच सोडून येऊ ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मागच्या शब्दाला चिकटून. ती शब्दाच्या कडेवरची लेकरं, त्यांना वेगळी जागा द्यायची नाही, असं हे म्हणायचे. प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह आणि अर्धविराम यांच्याआधी केसभर जागा सोडायची. दोन शब्दांमध्ये जेवढी असते तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, जास्त नाही. आणि ओळ संपली तरी चिन्हानं शब्दाला सोडून खाली उतरता कामा नये. एकटं प्रश्नचिन्ह ओळीच्या तोंडाशी आलं की ह्यांना जेवण जायचं नाही. मुलीला हे वाचून दाखवा. तिला कळेल.

काम करते. माझं नाव कुठे नको. ग्रंथात, माणूस वाचेल अशा ठिकाणी, एवढंच लिहा की ही जागा ह्यांनी आणली. ह्यांचं नाव घालून लिहा.

आणखी एक. हे दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही खिळ्यांचे सगळे खण भंगारात घातलेत. त्यात पितळेच्या बारीक पट्ट्यांचा एक डबा होता. ह्यांनी हातानं कापलेल्या. प्रश्नचिन्हाआधी त्या घालायचे. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिली चौकशी त्या डब्याची केली. मी खोटंच, आहे म्हटलं. कुठे पडून राहिला असेल तर पाठवा.

वहिनी


१९ जून

वहिनी,

तुमचं पत्र बायकोनंही वाचलं. ती म्हणाली, वहिनी हातानं लिहितानासुद्धा प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात, त्यांच्या पेनात दादाच बसलेत. मी पुन्हा पाहिलं तेव्हा कुठे मला दिसली. तुमचं अक्षर मोठं आहे म्हणून असेल.

नावाचं म्हणाल तर दिला शब्द. सख्ख्या भावाचं नाव घालायला मला कुणाची परवानगी लागते का?

डब्याचं मात्र विसरा. पितळ शिशाबरोबरच गेलं, सगळं एका टेम्पोत. मशीन दारात उभं होतं, जागा मोकळी करायची होती. दादाला विचारायला दवाखान्यात यायचं तर तो बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. आणि बरा होऊन आला असता तरी कॉम्प्युटरपुढे बसला असता का? तुम्हीच सांगा. मागचं उकरून कुणाचं भलं झालंय?

पहिला गठ्ठा सोबत आहे. मुलीला सांगून ठेवलंय, वहिनी खूण करतील तसं करायचं, मधे मला विचारायचं नाही. मला समितीचे चहाच पुरतायत.

तुमचा दीर


८ जुलै

भाऊजी,

गठ्ठा परत पाठवते आहे. मुलगी कामाची आहे. दुसऱ्या खेपेला तिनं माझी एकही खूण चुकवली नाही. तिला सांगा, मी म्हटलं म्हणून.

एका लेखात तुम्हाला छपाईतला पर्वत म्हटलंय आणि पुढे तीन उद्गारचिन्हं टाकलीत. मी दोन काढली. पर्वताला एक पुरे. दुसऱ्या लेखात तुम्ही लहानपणी अनवाणी शाळेत जायचात असं आहे. चप्पल तुम्ही रोज हरवायचात आणि ह्यांची घालून जायचात, अनवाणी हे जायचे. पण माझं काम चिन्हांपुरतं आहे, म्हणून ते तसंच ठेवलं.

तुमचं मनोगत अजून आलं नाही. ह्यांचं नाव त्यातच येणार ना ?

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

मनोगत सोबत. समितीतल्या प्राध्यापकांनी भाषा जरा उंच केली आहे. तुम्ही फक्त चिन्हं बघा आणि लगेच परत करा, मशीन थांबलंय.

दीर


२० जुलै

भाऊजी,

तुमच्या मनोगतातलं खाली उतरवून काढते, म्हणजे मी काही भलतंच वाचलं असं व्हायला नको.

"या ग्रंथाचे कोणतेही पान उघडावे. प्रत्येक प्रश्नचिन्हाच्या आधी वाचकाला एक नाजूक मोकळी जागा दिसेल. अनेक वर्षांच्या चिंतनातून मी आमच्या छपाईला दिलेला हा श्वास आहे. ज्येष्ठ बंधूंचे आशीर्वाद होतेच."

कसलं चिंतन ? मला ती जागा उभ्या जन्मात दिसली नाही, असं तुम्हीच जूनमध्ये लिहिलंत. आणि ह्यांचे आशीर्वाद ? ह्यांनी तुम्हाला आशीर्वाद कधी दिले मला माहीत नाही, तुमच्या चुका मात्र निस्तरल्या. तुम्ही उलटी लावलेली पानं हे रविवारी जाऊन सुटी करून पुन्हा नीट लावायचे. ह्यांचं नावसुद्धा नाही यात. ज्येष्ठ बंधू म्हणजे कोण, तुम्हाला काय दहा भाऊ होते ?

एकच वाक्य बदलायचं आहे. "मी" काढून ह्यांचं नाव घालायचं. मनोगत माझ्यापाशीच आहे, खूण करून पाठवते. तुम्ही फक्त हो म्हणून कळवा.

वहिनी


२४ जुलै

वहिनी,

एवढं चिडण्यासारखं काय झालं? ते प्राध्यापकांनी लिहिलं, समितीनं वाचलं, सगळ्यांना आवडलं. आता मी बदलायला गेलो तर विचारतील, मग तुमचा गौरव कशाबद्दल करायचा? लोकांना एकच माणूस लागतो, वहिनी. दोघांच्या गळ्यात हार घालता येत नाहीत, त्यातून एक फोटोत असला तर नाहीच.

शब्द दिला होता, मान्य. पण छापखान्याचं नाव मोठं झालं की दादाचंच झालं ना? दादाला नावाची हौस कधी होती? तो असता तर म्हणाला असता, जाऊ दे गं, धाकटा आहे. तुम्ही त्याच्यासारखं मोठं मन दाखवा.

मनोगताला हात लावू नका. बाकी सगळा ग्रंथ तुमच्या हवाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पानांची शेवटची प्रुफं पाठवतोय. एकदा हात फिरवा आणि थेट मुलीकडे धाडा. मी न बघता सही करणार आहे, तुमच्यावर एवढा विश्वास आहे.

सत्काराला याल ना? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो.

तुमचा दीर


३० जुलै

भाऊजी,

सगळी पानं नजरेखालून घातली. खुणा केल्या आहेत आणि गठ्ठा मुलीच्या नावानं पाठवला आहे. सोबत तिला चिठ्ठी दिली आहे की खुणा विचारपूर्वक केलेल्या आहेत, शंका वाटली तरी तशाच कराव्यात.

मनोगतातलं तुमचं अक्षरही बदललेलं नाही. काना नाही, मात्रा नाही.

सत्काराला येणार नाही. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

वहिनी


२१ ऑगस्ट

वहिनी,

तुम्ही हे काय केलंत?

मी तुमचं काय घोडं मारलं होतं? सभागृह गच्च भरलेलं. नाटककार उठले, त्यांनी ग्रंथ उघडला, खिशातून भिंग काढलं आणि माझं मनोगत माइकवर वाचायला लागले. "या ग्रंथाचे कोणतेही पान उघडावे." मग उघडलं पान. भिंग फिरवलं. दुसरं पान उघडलं. तिसरं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मालक, जागा कुठंय हो? मला तर सगळी चिन्हं शब्दांच्या अंगावर चढलेली दिसतायत. या वयात मला दिसत नाही, की तुम्हालाच कधी दिसली नव्हती?"

लोक हसले. मला वाटलं थट्टा चाललीय. मीही हसलो. वहिनी, मीही हसलो! मला काय माहीत!

मग पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माझ्याही प्रतीत नाही." मागून दुसरा, "इथंही नाही." बघता बघता अख्खं सभागृह पुस्तक डोळ्यांना लावून बसलं. प्राध्यापक मला विचारतायत, जागा म्हणजे नक्की कसली? त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांनी नुसतंच लिहिलं होतं. शेवटी नाटककार म्हणाले, "ही जागा थोरल्यानं आणली होती. माझी पहिली नाटकं त्यानंच जुळवली. तो गेला तो बरोबर घेऊन गेला वाटतं." दादाचं नाव घेऊन म्हणाले. आणि टाळ्या पडल्या. माझ्या सत्काराला, वहिनी, दादाला टाळ्या.

घरी येऊन मुलीला बोलावलं. ती म्हणाली, वहिनींनी प्रत्येक चिन्हापाशी जागा मिटवायची खूण केली होती. पानन्‌पान. एवढी मेहनत घेतलीत तुम्ही माझं वाटोळं करायला? मुलीला मी कामावरून काढणार आहे. तिनं मला विचारायला नको?

समितीतल्या एकानं फोन केला, म्हणाला शुद्धिपत्र छापून प्रतीत चिकटवा. काय लिहू त्यात?


२७ ऑगस्ट

भाऊजी,

मुलीला काढायचं नाही. वहिनी खूण करतील तसं करायचं आणि मधे मला विचारायचं नाही, हे तुमचं फर्मान आहे आणि तुमच्या अक्षरात माझ्याकडे आहे. तिला काढलंत तर तिच्या आईवडिलांना घेऊन मी स्वतः येईन आणि समितीपुढे ते वाचून दाखवीन. आता मला चांगलं वाचता येतं.

केलं ते मी केलं, डोकं ठिकाणावर ठेवून केलं. प्रत्येक चिन्हाच्या वर आणि खाली एक एक छोटा कंस काढायचा, की जागा मिटली. दुपारी जेवून बसायची ती दिवे लागेपर्यंत. लेक म्हणाली, आई, डोळे जातील. म्हटलं, जाऊ देत, या कामाला गेले तर दुःख नाही.

वाईट वाटलं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. पहिल्या पानावर वाटलं. पेन टेकेना. वाटलं, ही जागा मिटवते आहे म्हणजे मी ह्यांनाच पुसते आहे. मग तुमचं ते दोन हारांचं वाक्य आठवलं आणि हात चालायला लागला.

तुम्हाला मशीन ठेवायला जागा हवी होती, तेव्हा तुम्ही ह्यांना विचारलं नाहीत. हे खाटेवर होते, मी खाटेशी होते, दोघांपैकी कुणालाही नाही. एक टेम्पो आणलात आणि एका माणसाचा उभा जन्म त्यात भरून पाठवलात. मीही तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या ग्रंथातून मी जे काढून नेलं ते तुम्ही सही करण्याआधी बघू शकला असता. पान समोर होतं. बघितलं नाहीत, कारण बघून तुम्हाला कळणार नव्हतं, आणि ते तुम्हालाही ठाऊक होतं.

शुद्धिपत्रात काय लिहू विचारता ? "या ग्रंथात जागा नाही, मनोगतात आहे" असं लिहा.

टाळ्या पडल्याचं कळवलंत ते बरं केलंत. तो मजकूर मी दोनदा वाचला.

वहिनी


९ सप्टेंबर

वहिनी,

मुलगी कामावर आहे. तिला काही बोललो नाही. बायकोनं बोलू दिलं नाही. तुमचं पत्र वाचल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

बाजारातून जायची सोय राहिली नाही. शाईवाला म्हणतो, "मालक, जागा ठेवून बोला." टपरीवरची पोरंसुद्धा. जुनी गिऱ्हाइकं विचारतात, थोरल्यांनी लावलेलं तसं आता कुणाला येतं का? नाटककारांनी नवं नाटक दुसरीकडे दिलंय.

आता सरळ बोलतो. सगळ्या प्रती परत मागवल्या आहेत, बऱ्याचशा आल्या. दुसरी आवृत्ती काढतो. मनोगत मी स्वतः लिहिलंय, कुणाला उंच करायला दिलं नाही. त्यात दादाचं नाव आहे, पहिल्याच ओळीत. "ही जागा त्याची" असं स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला हवं होतं तेच. मुखपृष्ठावरही घालतो म्हणा हवं तर. नवी प्रुफं वेगळ्या पाकिटातून पाठवली आहेत. तुम्ही फक्त पुन्हा जागांच्या खुणा करून द्या. मुलीला म्हटलं तर ती म्हणते, वहिनींच्या खुणेशिवाय मी त्या जागेला हात लावणार नाही. तेवढं माझ्या हातून होत नाही, मी करून बघितलं. एका पानाला बसलो, कुठे सोडली आणि कुठे नाही तेच समजेना.

वहिनी, मी हरलो. मोठ्या आहात, आता सोडा.

दीर


१६ सप्टेंबर

भाऊजी,

पाकीट आलं. त्यात प्रुफं आहेत हे वजनावरून कळलं. न फोडता परत पाठवते आहे. पत्र वेगळं आलं म्हणून वाचलं.

तुम्ही लिहिता, ही जागा दादाची. तेही खरं नाही. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनीही नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षरं लावून लावून वाचता यायचं, एवढंच. हे प्रुफं घरी आणायचे. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रुफाशी ताडून बघायचं, असं ते काम. वाचायला घरात दुसरं कोण होतं ? तुम्ही होतात, पण तुम्हाला बाहेर जायचं असायचं. मग मला बसवलं. मी एका सुरात वाचत जायची आणि वाक्य संपल्यावर मला प्रश्नचिन्ह दिसायचं. नाटकातली बाई नवऱ्याला विचारते, तू आज येणार नाहीस ? ते मी हुकूम सोडल्यासारखं वाचलं. तुम्ही दारातून ऐकलंत आणि पोट धरून हसलात. नंतर कितीतरी दिवस पाणी मागतानाही माझ्या त्या आवाजात मागायचात. "वहिनी पाणी देणार नाहीस." सासूबाईसुद्धा हसायच्या. मी वाचायला बसायचं बंद केलं.

दोन-चार दिवसांनी ह्यांनी एक प्रुफ माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, आज तू हेच वाच. बघते तर प्रत्येक प्रश्नचिन्हाच्या आधी थोडी मोकळी जागा. पत्र्याच्या कात्रीनं पितळ कापून पट्ट्या बसवल्या होत्या, बोटाला चिंधी होती. म्हणाले, "जागा दिसली की समज, पुढे कुणीतरी काहीतरी विचारतंय. तिथं दम घे आणि आवाज चढव." त्या दिवशी मी अख्खा अंक वाचला. तुम्ही दारात उभे होतात, हसायला काही मिळालं नाही म्हणून निघून गेलात.

छापायच्या आधी त्या पट्ट्या काढायच्या होत्या. हे विसरले आणि पुस्तक तसंच छापलं गेलं. ह्यांना वाटलं आता नाटककार फाडून खातील. तर ते म्हणाले, नटांना वाचायला सोपं जातं, राहू दे. म्हणून राहिली. पुढे छापखान्याची ओळख झाली, तुमचं चिंतन झालं, सगळं झालं.

परवा तुमच्या ग्रंथाची प्रत लेकीनं कुठूनशी आणली. तुमचं मनोगत मी मोठ्यानं वाचून पाहिलं. एका दमात संपलं. आत विचारण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीत ह्यांचं नाव घालायचं तर घाला, नसेल घालायचं तर नका घालू. नाटककारांनी घेतलं ते मला पुरलं. पण जागेच्या खुणा मी करणार नाही, पुन्हा मागू नका. मी हयात असेपर्यंत तुमच्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांत ती दिसणार नाही. ह्यांनी ती एका बाईला वाचता यावं म्हणून केली होती. ती बाई जिवंत आहे आणि तिला तुमचा राग आहे.

वहिनी